कोमट पाणी, अडकलेली वीज आणि पाइपात पुन्हा पुन्हा शिरणारी हवा

तक्रार थोडक्यात अशी. छपरावर चार हायब्रिड पॅनल आहेत, म्हणजे वरून वीज देणारे आणि पाठीला चिकटवलेल्या पत्र्यातून पाणी तापवणारे. सकाळी साडेनऊपर्यंत सगळं झकास चालतं. अकरा वाजले की पंप घुरघुरायला लागतो. ऊन वाढत असतं, पण इन्व्हर्टरवरचा आकडा वर जायचं नाव घेत नाही. संध्याकाळी पाहुणे समुद्रावरून परतले की न्हाणीघरातून हाक येते, "दादा, पाणी कोमटच येतंय." मग शिडी लावायची, पॅनलच्या वरच्या टोकाची हवा काढायची, दुसऱ्या दिवसापासून सगळं सुरळीत. आठ-दहा दिवसांनी पुन्हा तेच.

मालवणजवळच्या देवबागेत आमच्याकडे हे सलग तीन हंगाम चाललं. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी, त्यातल्या एका वाडीत आमच्या पाच खोल्या. इथे खारं वारं दोन्हीकडून येतं. पुढे जे सांगणार आहे त्यात या वाऱ्याचा मोठा हात आहे, म्हणून जागा आधी सांगितली.

प्लंबरनं पहिल्याच दिवशी निदान बरोबर केलं होतं. "दादानू, पंपाक काय एक झालला नाय. पायपात वारो भरलो हा." वारा काढला, पैसे घेतले, गेला. त्याची चूक नव्हती. हवा काढायला बोलावलं होतं, त्यानं हवा काढली. हवा येते कुठून हे तिसऱ्या हंगामापर्यंत मीही विचारलं नाही.

पाणी थांबलं की हायब्रिड साध्या पॅनलपेक्षा वाईट

हे आधी समजून घ्या, म्हणजे पुढची तपासणी कशासाठी ते कळेल. सिलिकॉनच्या पॅनलवर जो वॅटचा आकडा छापलेला असतो तो २५ अंश तापमानाचा असतो. तिथून वर प्रत्येक अंशाला वीज साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. एप्रिलमधल्या आमच्या दुपारी हवा ३३ अंश असेल तर छपरावरचा साधा पॅनल साठीच्या वर जातो, म्हणजे बारा-तेरा टक्के वीज उन्हातच गेली. हायब्रिडमध्ये पाठीमागून पाणी फिरतं, ते ही उष्णता काढून टाकीत नेतं. पॅनल पंचेचाळीस-सत्तेचाळीसवर राहतो, वीजही जास्त आणि पाणीही गरम.

पण उष्णता वाया जाऊ नये म्हणून याच पॅनलच्या पाठीला फोमचं आवरण असतं. साध्या पॅनलची पाठ उघडी असते, वाऱ्यानं थंड होते. हायब्रिडला ती सोय नाही. पाणी थांबलं की त्याची अवस्था भर उन्हात स्वेटर घातलेल्या माणसासारखी होते. आमचे पॅनल अशा दुपारी ६६ अंशांना पोचत होते.

म्हणून विजेची तक्रार दिसली तरी आधी इन्व्हर्टरवाल्याला फोन करू नका. आधी पाणी बघा. मी हे उलट केलं होतं. इन्व्हर्टर तपासून घेतला, जोडण्या बदलल्या, काचा पुसून घेतल्या, आणि हाती काही लागलं नाही.

पाणी खरंच फिरतंय का?

पंपाचा आवाज येतो म्हणजे पाणी फिरतं असं नाही. हवेत फिरणारा पंपही आवाज करतो, उलट जास्तच करतो. आणि पॅनलकडून येणारा पाइप हाताला चटका देतो म्हणजे सगळं छान चाललंय, हा तर मोठाच गैरसमज. मी स्वतः त्या चटक्यावर खूश असायचो.

साधा हिशेब असा: मिनिटाला किती लिटर पाणी फिरतंय, त्याला जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाण्याच्या तापमानातल्या फरकानं गुणा, आलेल्या आकड्याला ७० नं गुणा. उत्तर वॅटमध्ये. आमच्या चार पॅनलचं क्षेत्रफळ साडेसहा चौरस मीटर आहे, आणि पाण्याचं प्रमाण चौरस मीटरला मिनिटाला साधारण एक लिटर धरतात. निरोगी दिवशी मिनिटाला ६ लिटर पाणी आणि ५ अंशांचा फरक, म्हणजे २१०० वॅट उष्णता. आजारी दिवशी मिनिटाला दीड लिटर आणि फरक १४ अंशांचा. पाइप चटका देणार हे उघड आहे, पण उष्णता फक्त १४७० वॅट. पाइप जास्त गरम आणि टाकी कमी गरम, हे या दुखण्याचं पहिलं लक्षण.

प्रवाह मोजायला मी नंतर पाइपात काचेचा फ्लो मीटर बसवून घेतला. तो नसेल तर नुसता फरकही पुरे. कडक उन्हात, दुपारी बारा-साडेबाराला, जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाइपात चार ते सहा अंशांचा फरक असेल तर ठीक. दहाच्या वर गेला तर प्रवाह कमी आहे. बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर वापरत असाल तर एक लक्षात ठेवा, चकचकीत तांब्यावर किंवा पितळेवर तो काहीही आकडे सांगतो. पाइपाला काळी इन्सुलेशन टेप दोन फेरे गुंडाळा आणि त्या टेपवर मोजा.

दुसरी खूण पॅनलच देतो. पॅनल तापला की त्याचा व्होल्टेज पडतो, अंशाला साधारण ०.३ टक्के. आमचे चार पॅनल मालिकेत जोडलेले आहेत, प्रत्येकी ३८ व्होल्ट, म्हणजे २५ अंशांना १५२. पाणी नीट फिरत असताना दुपारी मोजला तर १४२ येतो. हवा भरलेल्या दुपारी १३३ आला होता. नऊ व्होल्टचा फरक म्हणजे पेशी वीसेक अंशांनी जास्त तापलेल्या. थर्मामीटर न लावता पॅनलचा ताप कळला. हे मोजताना मात्र आधी इन्व्हर्टर बंद, मग डीसी आयसोलेटर (पॅनलकडून येणारी वीज तोडणारा स्विच) बंद, आणि मगच मीटर लावायचा. चालू भारावर पॅनलच्या वायरींचा एमसी४ जोड ओढून काढला तर ठिणगी अशी पडते की ती विझत नाही. डीसीची ठिणगी घरातल्या बटणासारखी आपोआप तुटत नाही. हे ज्याच्या हातचं नाही त्यानं वायरमनकडून करून घ्यावं.

या सगळ्यात वीज किती जाते म्हणाल तर फार नाही. १२०० वॅटच्या संचावर ऐंशीच्या आसपास वॅट. सहाशे वॅटहून जास्त उष्णता जाते ते खरं नुकसान. पण टाकीत काय चाललंय ते दिसत नाही आणि इन्व्हर्टरचा आकडा मोबाईलवर दिसतो, म्हणून तक्रार विजेची होते.

रात्री गळतं, दिवसा सुकतं

आता हवा कुठून येते. आमचा संच दोन पाण्यांचा आहे. पॅनलमधून फिरणारं पाणी वेगळं, ते टाकीतल्या तांब्याच्या कॉइलमधून फिरतं आणि अंघोळीचं पाणी बाहेरून तापवतं. म्हणजे पॅनलच्या फेऱ्यातलं पाणी एकदा भरलं की तेच वर्षानुवर्षं फिरायला हवं. एकदा त्यातली हवा काढली की नवी हवा यायला जागाच नाही.

बसवणाऱ्यानं मात्र त्या फेऱ्याला वरच्या काळ्या टाकीतून एक भरणीचा पाइप दिला होता आणि त्याचा कॉक कायम अर्धा उघडा. "कमी पडलं तर आपोआप भरेल, तुम्हाला बघायला नको," असं सांगून तो गेला. ऐकायला किती बरं वाटतं! खरा घोटाळा या अर्ध्या उघड्या कॉकनंच केला. फेऱ्यातून पाणी गळत होतं, वरून तेवढंच नवं पाणी येत होतं, आणि दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा जागचा हलत नव्हता. गळती आहे हे कळायला काही मार्गच राहिला नाही.

नवं पाणी आलं की त्यात विरघळलेली हवा येतेच. चहाचं आधण ठेवल्यावर उकळी फुटण्याआधी टोपाच्या कडेला बारीक बुडबुडे धरतात, ती हीच हवा. पाणी तापलं की तिला पाण्यात राहता येत नाही. पॅनलमध्ये ती सुटते, वर वर सरकत सगळ्यात उंच कोपऱ्यात गोळा होते आणि वाट अडवते. रोज दोन-तीन लिटर नवं पाणी येत असेल तर आठवड्याभरात अडवण्यापुरती हवा सहज जमते. शिवाय आमच्या विहिरीचं पाणी मेमध्ये मचूळ होतं. ते आत आलं की क्षार आले, तापलेल्या ठिकाणी त्यांचा थर बसला आणि वाट आणखी अरुंद झाली.

गळती कशी शोधली ते सांगतो. पहाटे सहाला भरणीचा कॉक पूर्ण बंद केला आणि गेजचा आकडा भिंतीवर पेन्सिलनं लिहिला. दुसऱ्या दिवशी पहाटे सहालाच पुन्हा पाहिला. संध्याकाळ आणि सकाळ अशी तुलना करू नका, पाणी थंड झालं की दाब आपोआप उतरतो आणि नसलेली गळती दिसते. आमचा ०.७ बारचा ०.३ झाला होता. म्हणजे गळती नक्की, पण खाली ओल कुठेच नाही.

मग एक गावठी उपाय केला. फेऱ्यातल्या पाण्यात कपड्यांची नीळ घातली, चांगली निळीशार. तिसऱ्या दिवशी वर चढून पाहिलं तर चौथ्या पॅनलच्या जोडाखाली निळं वर्तुळ उमटलेलं. त्याभोवती पांढरी पूड. ही पूड आधीही दिसली होती, मी ती चुन्याची किंवा कबुतरांची समजून पुसत होतो. प्रत्यक्षात ते गंजलेलं ॲल्युमिनियम होतं. जोड रात्री थंडीनं आक्रसून पाझरायचा आणि दिवसा पॅनल तापला की थेंब जागच्या जागी सुकायचे. दुपारी वर चढणाऱ्याला ओल दिसणार कशी?

पॅनलच्या पाठीचा पत्रा ॲल्युमिनियमचा आणि त्याला लावलेला एल्बो पितळेचा. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मधे खारं पाणी असलं की कमकुवत धातू खाल्ला जातो. इथे तो ॲल्युमिनियम. बाहेरून पाऊस लागत नाही तर खारं पाणी आलं कुठून, असा माझा प्रश्न होता. त्याचं उत्तर स्वयंपाकघरात होतं. जाडं मीठ बरणीत पाझरतं ते फक्त पावसाळ्यात नाही, किनाऱ्यावर बारा महिने रात्री थोडंफार पाझरतंच. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यातच विरघळतं. आमच्याकडे रात्री आर्द्रता त्याहून खाली क्वचितच जाते. म्हणजे वाऱ्यानं आणलेला मिठाचा पातळ थर रोज रात्री ओला होत होता आणि त्या जोडावर आपलं काम करत होता.

आतूनही तेच चाललं होतं. टाकीत तांब्याची कॉइल, छपरावर ॲल्युमिनियमचा पत्रा, आणि दोन्हींत फिरणारं एकच साधं विहिरीचं पाणी. तांब्याचे कण त्या पाण्यातून ॲल्युमिनियमवर जाऊन बसतात आणि तिथे टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडायला सुरुवात होते. थंड प्रदेशात या फेऱ्यात ग्लायकॉल मिसळलेलं पाणी भरतात, गोठू नये म्हणून. कोकणात गोठायची भीती नाही, मग कशाला खर्च, असं म्हणून आपल्याकडे ते गाळतात. पण त्या तयार द्रवात गंज रोखणारी द्रव्यंही असतात, आणि त्यांची गरज आपल्याला त्या थंड प्रदेशापेक्षा जास्त आहे.

गळती बंद, तरी हवा

चारही पॅनलचे पितळी एल्बो काढले. पॅनल बनवणाऱ्यांकडून त्याच मापाचे प्लास्टिकचे जोड मागवले. रबरी वॉशर सगळे नवे. पहाटे ते पहाटे दाब जागचा हलला नाही. मी प्लंबरला मच्छीचं जेवण घातलं.

वीस दिवसांनी पंप पुन्हा घुरघुरला.

या वेळी गेज ठीक होता, म्हणजे पाणी बाहेर जात नव्हतं. तरी हवा आत येत होती. दोन दिवस डोकं चाललं नाही. मग भर दुपारी पंप चालू असताना वर बसून सर्वांत उंच टोकाला लावलेल्या ऑटोमॅटिक एअर व्हेंटवर बोट ठेवलं, आणि बोट आत ओढलं गेलं. अगदी हलकं, पण ओढलं गेलं. हवा बाहेर सोडायचं ते यंत्र हवा आत घेत होतं.

कारण असं. आमची काळी टाकी जांभ्याच्या चौथऱ्यावर आहे, तिच्या पाण्याची पातळी पॅनलच्या माथ्यापेक्षा जेमतेम एक मीटर वर. दहा मीटर पाणी म्हणजे एक बार. त्या हिशेबानं माथ्यावर पाण्याचा दाब ०.१ बार, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. शिवाय पंप बसवला होता पॅनलकडून येणाऱ्या पाइपात, पाणी ढकलण्याऐवजी ओढणारा. आणि भरणीचा पाइप जोडला होता पंपाच्या पुढे, म्हणजे पंपातून पाणी बाहेर पडतं त्या बाजूला. नियम असा की भरणीचा पाइप किंवा एक्स्पान्शन टाकी (तापून फुगलेलं पाणी सामावून घेणारी) फेऱ्याला जिथे जोडली असेल, तिथला दाब पंप चालू असो की बंद, बदलत नाही. पंप जो काही जोर लावतो तो या जागेपासून मोजायचा. आमच्याकडे ती जागा पंपाच्या पुढे असल्यामुळे पंप चालू झाला की बाकी सगळ्या फेऱ्यातला दाब उतरायचा आणि माथ्यावर तो बाहेरच्या हवेपेक्षाही कमी व्हायचा. नळीनं शहाळं ओढावं तसं.

यासाठी तीन गोष्टी केल्या. पंप काढून टाकीकडून पॅनलकडे जाणाऱ्या पाइपात बसवला, म्हणजे आता तो ढकलतो. त्याच्या मागच्या बाजूला आठ लिटरची रबरी पडद्याची एक्स्पान्शन टाकी जोडली. आणि भरणीचा पाइप कापून कायमचा बुच मारला. फेरा आता बंद आहे, दाब आम्ही ठरवतो.

तो किती असावा? पॅनलचा माथा गेजपासून ६ मीटर वर, म्हणजे ०.६ बार नुसता उंचीत जातो. माथ्यावर निदान अर्धा बार शिल्लक हवा. मी थंड असताना गेजवर १.२ बार ठेवतो. एक्स्पान्शन टाकीतली हवा त्याहून ०.३ बार कमी, म्हणजे ०.९. ही टाकी पाण्यानं भरण्याआधीच तपासायची असते. तिला मोटारसायकलच्या चाकासारखाच व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे पंक्चरवाल्याचं गेज चालतं. त्याच्या भाषेत ०.९ बार म्हणजे तेरा पौंड. सेफ्टी व्हॉल्व्ह ३ बारचा आहे, आणि त्याचं तोंड खाली वळवून बादलीत सोडलंय.

धुणं आणि भरणं

नवं पाणी भरण्याआधी जुना गाळ काढावा लागतो. टाकीतली कॉइल तांब्याची होती, तिच्यात लिंबूफूल फिरवलं. दहा लिटर कोमट पाण्यात साडेतीनशे ग्रॅम, बादलीत छोटा पंप टाकून तासभर. पाणी आधी हिरवट, मग मातकट आलं. आजी बंबाचं तांबं आमसुलानं घासायची, कृती तीच, फक्त आमसूल पाइपात घालू नका, त्याचा चोथा अडकतो. ॲल्युमिनियमच्या पॅनलमध्ये मात्र हे आम्ल अजिबात सोडलं नाही. ते वेगळे करून उलट्या दिशेनं साध्या स्वच्छ पाण्यानं धुतले. चौथ्या पॅनलमधून वाटीभर खरवड निघाली.

भरायला बॅटरीत घालतात तसलं क्षार काढलेलं पाणी आणि सोलरसाठी मिळणारा प्रॉपिलीन ग्लायकॉलचा द्रव, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात. गाडीच्या रेडिएटरचं कूलंट कुणी सुचवेल, स्वस्त पडतं म्हणून. ते घालू नका. बहुतेक कूलंट एथिलीन ग्लायकॉलची असतात आणि ते विषारी आहे. कॉइलला कधी बारीक भोक पडलं तर ते थेट पाहुण्यांच्या अंघोळीच्या पाण्यात उतरेल.

भरणं पहाटे, पॅनल थंड असताना. खालून टेस्टिंग पंपानं हळूहळू दाबत जायचं आणि वरच्या टोकाला माणूस बसवायचा. बुडबुडे थांबून सलग धार आली की वरचा कॉक बंद. मग पंप दहा मिनिटं चालवा, पाच मिनिटं थांबवा, पुन्हा हवा काढा. आम्ही हे सहा वेळा केलं. पहिले तीन-चार दिवस उन्हात राहिलेली हवा सुटत राहते, तेव्हा पाचव्या दिवशी शेवटची हवा काढून एअर व्हेंटच्या खालचा छोटा कॉक बंद करून टाकायचा. तो उघडा ठेवण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. भरतानाचं काम झालं की त्या व्हेंटला करण्यासारखं काही उरत नाही.

आणखी एक. भर दुपारी वीज गेली की आमचा इन्व्हर्टर नियमाप्रमाणे बंद होतो आणि त्याच्याबरोबर पंपही. ऊन तर जात नाही. पॅनल पुन्हा स्वेटरमध्ये. यावर आम्ही १२ व्होल्टचा डीसी पंप घेऊन त्याला वेगळा ५० वॅटचा छोटा पॅनल थेट जोडला. ऊन वाढलं की पंप जोरात, ढग आला की हळू. यात कंट्रोलर नाही, बॅटरी नाही, आणि पहाटे-संध्याकाळी तो स्वतःच थांबतो.

पाठीला थर्मोइलेक्ट्रिक चिकटवू का?

भाचा इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीत आला तेव्हा हे सगळं बघून म्हणाला, "मामा, पंपाला वेगळा पॅनल कशाला? पॅनल आणि पाण्याचा पत्रा यांच्यामधे थर्मोइलेक्ट्रिक मॉड्यूल लावू. एका बाजूनं गरम, दुसऱ्या बाजूनं थंड, फुकट वीज." कल्पना खोटी नाही. दोन धातूंच्या जोडांचं तापमान वेगळं ठेवलं की विद्युत परिणाम दिसतो, हे थॉमस सीबेकनं १८२१ मध्ये पाहिलं होतं, आणि उलट, वीज सोडली की एक बाजू थंड पडते, हे पेल्टिएनं १८३४ मध्ये. पण हिशेब मांडल्यावर भाचाच गप्प झाला.

पॅनल ६० अंश आणि पाणी ४० अंश धरा. एवढ्या फरकावर निसर्गानं घालून दिलेली कमाल मर्यादाच ६ टक्के. प्रत्यक्षातली मॉड्यूल त्याचा सहावा हिस्सा गाठतात, म्हणजे एक टक्का. त्यांच्यातून जाणारी उष्णता २१०० वॅट, वीज मिळणार २१ वॅट. पण तो वीस अंशांचा फरक टिकवायचा म्हणजे पॅनल पाण्यापेक्षा वीस अंशांनी जास्त तापू द्यायचा! त्यात पॅनलची स्वतःची वीज सात टक्क्यांनी, म्हणजे ऐंशीच्या आसपास वॅटनी पडते. एकवीस कमवायचे आणि ऐंशी घालवायचे. पॅनल आणि पाणी यांच्यामधे जे काही घालाल ते उष्णतेला अडथळाच होणार, आणि इथे आपला सगळा खटाटोप तो अडथळा कमी करण्याचा आहे.

त्याला हौस होती म्हणून आम्ही मॉड्यूल लावलं ते बंबाच्या चुलीजवळ. पावसाळ्यात ऊन नसतं तेव्हा पाणी अजून बंबावरच तापतं, माडाच्या पिड्या आणि करवंट्या जाळून. तिथे एक बाजू दीडशे अंश आणि दुसरी पाण्यानं थंड ठेवलेली, फरक शंभराच्या वर. एका चार सेंटिमीटर चौकोनी मॉड्यूलवर दोनेक वॅट मिळतात, न्हाणीघरातला छोटा दिवा लागतो. पहिलं मॉड्यूल मात्र गेलं, कारण तो थंड करण्यासाठी बनवलेला टीईसी१-१२७०६ होता. तसल्या स्वस्त मॉड्यूलच्या आतलं सोल्डर १३८ अंशांच्या आसपास वितळतं. वीज बनवण्यासाठीचे वेगळे मिळतात, ते घ्यावे.

हवेसारखी वाटणारी पण हवा नसलेली दुखणी

पाणी संध्याकाळी कडक आणि पहाटे कोमट असेल तर हवा शोधत बसू नका. रात्री दहाला, पंप बंद असताना, टाकीतून पॅनलकडे जाणाऱ्या पाइपांना हात लावा. गरम लागले तर पाणी उलटं जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह अडकलाय आणि रात्रभर टाकीतली उष्णता छपरावरून आकाशात चालली आहे. आमच्याकडे त्यात रेतीचा एक खडा सापडला होता.

पंप भलत्याच वेळी चालू-बंद होत असेल तर तापमानाचा सेन्सर काढून बर्फाच्या पाण्यात धरा. पीटी १००० प्रकारचा असेल तर मीटरवर १००० ओहम यायला हवा. आमच्या जोडीदाराकडे तारेला गंज चढून तो १०४० दाखवत होता, म्हणजे दहा अंशांची थाप. टाकीचा सेन्सर दहा अंश जास्त सांगू लागला की कंट्रोलरला वाटतं टाकी तापलीय, आणि तो पंप लावतच नाही.

आणि हायब्रिडचं पाणी चाळीस-पंचेचाळीसच्या वर सहसा जात नाही. अंघोळीला ते पुरतं, पण फुप्फुसाचा आजार देणाऱ्या लिजिओनेला जातीच्या जंतूंनाही तेच तापमान मानवतं. म्हणून आठवड्यातून एकदा टाकीतला विजेचा हीटर लावून पाणी ६० अंशांपर्यंत नेतो, बहुतेक सोमवारी, पाहुणे नसतात तेव्हा.

दिवाळीत फेरा भरला. आज भिंतीवर पेन्सिलचे सात आकडे आहेत, महिन्याला एक. १.२ नं सुरुवात झाली होती, आता १.१ आहे, आणि मधे एकदाही शिडी लावावी लागली नाही. चौथा पॅनल मात्र अजून बाकी तिघांपेक्षा आठ अंशांनी गरम राहतो. हवा नाही, प्रवाह ठीक. बहुधा एका कोपऱ्यात पाठीचा पत्रा पॅनलपासून सुटलाय आणि मधे पोकळी झाली आहे. तो पाऊस लागला की उतरवणार, खोल्या रिकाम्या झाल्या की.